बाबांचं बोलणं पेन ड्राइव्हवर

३ सप्टेंबर, मंगळवार

लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलाय. तीस तारखेपासून लिफ्ट बंद. जुनी काढून नवी बसवणार, दोन-तीन महिने लागतील, सहकार्य करा. करा सहकार्य! चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने कसं करायचं ते लिहिलेलं नाही. आणि तो माणूस कोण? तर ज्याने सगळा जन्म लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवला.

बाबांना वाचून दाखवलं. डाव्या बाजूने हसले. उजवी बाजू गेल्या वर्षीच्या झटक्यापासून हसत नाही.

दादाला फोन केला. त्याचं घर तळमजल्यावर. "अगं, आण की, विचारायचं काय त्यात," म्हणाला. विचारायचं हेच की मागच्या वेळी, हॉस्पिटलातून सुटल्यावर, बाबा तिकडे होते तेव्हा त्यांचा पार पुतळा झाला होता. सकाळी खुर्चीत ठेवायचे, संध्याकाळी उचलायचे. कोणी वाईट वागलं नाही, पण कोणी काही विचारलंही नाही. बोलता येत नाही म्हणजे काही म्हणायचंच नाही, असं धरून चालले दोघं.

आता तसं होणार नाही. आता बाबा बोलतात. उपचार केंद्राने दिलेला तो थोराड कॉम्प्युटर, पडद्यावर मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड, आणि हाताखाली मोठ्या चेंडूचा माऊस. डाव्या हाताने एकेक अक्षर निवडतात आणि मशीन ते मोठ्याने म्हणतं. नाकातून बोलतं मेलं, सर्दी झालेल्या सरकारी कारकुनासारखं. पण बोलतं.

हा आवाज बाबांबरोबर दादाकडे गेला पाहिजे. कसा, ते माहीत नाही. पण गेला पाहिजे.

५ सप्टेंबर, गुरुवार

कॉम्प्युटर हलवायचा नाही म्हणे. केंद्राचा नियम. आणि दादाकडे ठेवायला जागाही नाही. वहिनीचा लॅपटॉप आहे, त्यावर ती शिकवण्या घेते. "त्यात काही घालू नका हं, माझी पोटापाण्याची वस्तू आहे," हे तिने मी काही विचारायच्या आतच सांगून ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत केंद्रातल्या तंत्रज्ञाला गाठलं. मी त्यांना मास्तर म्हणते, कारण ते प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी सांगतात. म्हणाले, बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स आहे, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. तेच लिनक्स पेन ड्राइव्हवर बसवा. गाणी ठेवतो तसं नव्हे, अख्खं बिऱ्हाड बसवायचं. मग कुठल्याही कॉम्प्युटरला तो लावायचा, सुरू करताना एक बटण दाबायचं, आणि त्या कॉम्प्युटरच्या आतल्याला हात न लावता बाबांचं सगळं सुरू. काढून घेतला की तो कॉम्प्युटर पुन्हा ज्याचा त्याचा.

म्हणजे वहिनीचं पोटपाणी शाबूत!

दोन पेन ड्राइव्ह लागतात. एकावरून बसवायचं, दुसऱ्यावर बसवायचं. मास्तर पुढेही काहीतरी सांगत होते, "आणि एक लक्षात ठेवा, बसवताना शेवटी खाली जे विचारतं ना —" मी म्हटलं कळलं, कळलं. चष्म्याच्या काचा घासायच्या पडल्या होत्या दुकानात, मालक घड्याळ बघत असणार.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला पेन ड्राइव्ह तयार. चष्म्याच्या कंपनीने दुकानात फुकट वाटलेला, चष्म्याच्या आकाराचा. लहान आहे पण बसवणारा म्हणून पुरतो. दुसरा मोठा, चांगला हवा. स्वस्तातला घेऊ नका, बाबांना एकेका शब्दासाठी ताटकळावं लागेल, असं मास्तरांनी बजावलंय.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. ते लिहायला लागले, मशीन म्हणालं "तू". मी म्हटलं, दमले नाही हो बाबा, मजेत आहे. त्यांनी चेंडूवरचा हात काढला. बाबांचं मला एका अक्षरात कळतं. केंद्रातल्या बाई म्हणतात, इतकी समजून घेणारी मुलगी क्वचित असते.

९ सप्टेंबर, सोमवार

मोठा पेन ड्राइव्ह आणला. दुकानदाराने विचारलं, गाणी भरायला? म्हटलं, वडील भरायला. बघतच राहिला.

१४ सप्टेंबर, शनिवार

झालं! बसलं!

दुपारी सुट्टी घेतली होती. चष्मा लावला (म्हणजे चष्म्याचा पेन ड्राइव्ह लावला), कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला. प्रश्नांमागून प्रश्न. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता. मग कुठे बसवू? इथे जीव मुठीत होता. आतली डिस्क निवडली असती तर बाबांचं सगळं पुसलं गेलं असतं. आकार बघून बघून नवा पेन ड्राइव्हच निवडला. खाली आणखी एक बारीक ओळ होती, तिथे आधीच काहीतरी भरलेलं होतं. असू दे म्हटलं, त्याचं त्याला माहीत. पुढे.

बराच वेळ ती निळी पट्टी सरकत होती. मी स्वयंपाक केला, भांडी घासली, बाबांची दाढी केली. मग पुन्हा सुरू केलं तर पेन ड्राइव्हवरून सगळं आलं. बोलायचा प्रोग्रॅम घातला, मोठा कीबोर्ड घातला. बाबांनी चेंडू फिरवला. "पा", म्हणालं मशीन. पाणी आणून दिलं. प्यायले बिचारे.

उद्या दादाकडे नेऊन दाखवते. बघतेच वहिनी काय म्हणते.

१५ सप्टेंबर, रविवार

नाक कापलं गेलं.

वहिनीचा लॅपटॉप मधोमध टेबलावर. दादा शेजारी, हाताची घडी घालून, जादूचा खेळ बघायला बसल्यासारखा. मी पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. काळा पडदा. पुन्हा. काळाच पडदा, आणि एक ओळ की यात सुरू करण्यासारखं काही नाही. घरी तर धडधडीत चाललं होतं! चार वेळा केलं, उलटा-सुलटा लावून पाहिला. घरी जातं तसंच इथेही जातं, भोक काही वेगळं नाही.

"माझ्याला काही झालं नाही ना?" वहिनी.

"टकळे, तू चष्म्याच्या काचाच घास बरं," दादा. लहानपणापासून टकळी म्हणतो मला, तोंड चालू असतं म्हणून. एरवी हसते मी. आज नाही हसले.

वहिनीचा लॅपटॉप तिच्या तिच्यात सुरू झाला, ठणठणीत. तेवढंच. चहासुद्धा न घेता निघाले.

घरी आले ती तणतणतच. तो मोठा पेन ड्राइव्ह लावून सरळ पुसून टाकला. म्हटलं पहिल्यापासून करू, काहीतरी चुकलंय. मग दोन्ही काढून ठेवले आणि बाबांसाठी त्यांचा कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला.

तर तोही काळा.

१६ सप्टेंबर, सोमवार

कॉम्प्युटर मेला. मी मारला. बाबा गप्प.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मास्तर रजेवर. परवा येतील. गुरुवारपर्यंत कळ काढायची.

पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहून दिली बाबांना, बोट ठेवून दाखवायला. बोट थरथरतं, "क" की "फ" कळत नाही, त्यांचाही वैताग, माझाही. त्यांची साठवून ठेवलेली वाक्यं होती त्या कॉम्प्युटरमध्ये. वर्षभरात एकेक अक्षर करून जमवलेली, म्हणजे रोज नव्याने लिहायला नको. ती गेली असतील तर मी तोंड कुठे लपवू?

संध्याकाळपासून बाबा एकच खूण करतायत. कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघायचं आणि डाव्या हाताची चिमूट धरून ओढायची. चिमूट, ओढ. चिमूट, ओढ. माझ्या लक्षात आलं, नखं वाढली होती. कापून दिली. नखं कापून झाल्यावर पुन्हा तेच. म्हटलं बाबा, डबा उचलून ठेवू का, नजरेसमोर नको? त्यांनी डोळे मिटून घेतले. डब्यावर चादर टाकली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मास्तरांचा फोन लागला. एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी हेच सांगत होतो."

झालं असं. कॉम्प्युटर सुरू करून देणारा एक छोटासा भाग असतो, बूटलोडर म्हणतात त्याला. तो कुठे ठेवायचा, हे ती खालची बारीक ओळ विचारत होती. आणि तिथे आधीपासून भरलेलं होतं आतल्या डिस्कचं नाव! म्हणजे मी धड बसवलं पेन ड्राइव्हवर आणि डोकं बसवलं घरच्या कॉम्प्युटरमध्ये. म्हणून घरी चाललं, कारण दोन्ही इथेच होती. दादाकडे नुसतं धड गेलं. आणि मी रागाने धड पुसल्यावर घरचं डोकं बसलं धड शोधत.

बाबांची वाक्यं शाबूत आहेत, म्हणाले. घर जागेवर आहे, फक्त दार उघडत नाही. हे ऐकलं आणि मी दुकानात स्टुलावर बसूनच घेतलं. मालकाला वाटलं चक्कर आली.

"आता बसवताना आतल्या डिस्कची वायर काढूनच ठेवा," मास्तर म्हणाले. "ती दिसलीच नाही तर डोकं तिकडे जायचा प्रश्नच नाही." हे मात्र मी शेवटपर्यंत ऐकलं.

घरी येताना जिन्यात एकदम थांबले. वायर. चिमूट धरून ओढायची. बाबा तेच सांगत होते की काय? बाबांना लिनक्समधलं ओ की ठो कळत नाही. पण लिफ्टवर काम करताना त्यांची रीतच होती, जे हलायला नको त्याची वीज आधी तोडायची आणि फ्यूज स्वतःच्या खिशात. आई ओरडायची, सदऱ्याचे खिसे फाटतात म्हणून.

चादर काढली, डब्याकडे बोट दाखवून विचारलं, यातली वायर काढ म्हणत होतात? त्यांनी मान हलवली, हो.

"मग नीट सांगायचं ना!" म्हटलं.

असं बघितलं माझ्याकडे!

२१ सप्टेंबर, शनिवार

आज घाई नाही. मास्तरांनी सांगितलेलं कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं आणि एकेक ओळ झाली की खोडली.

आधी चष्म्याच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, आत शिरले आणि बाबांची वाक्यं दुकानातून आणलेल्या दुसऱ्या चष्म्यावर उतरवून घेतली. उघडून वाचली नाहीत. त्यांची आहेत.

मग बंद करून डबा उघडला. स्क्रूंचं मला काही वाटत नाही, चष्म्याच्या दांडीतले स्क्रू याच्या दहापट बारीक. आत ही धूळ! बाबांची खुर्ची अगदी जवळ ओढून घेतली. मी एका वायरीला हात घातला, बाबांनी मान हलवली, नाही. दुसरीला घातला, हो. काढली. बाबांनी हात पुढे केला. वायर आतच अडकलेली असते, खिशात घालता येत नाही, म्हणून झाकणाचे स्क्रू दिले त्यांच्या हातात. मुठीत घेऊन बसले, शेवटपर्यंत सोडले नाहीत.

आता कुठे बसवू विचारलं तेव्हा पडद्यावर पर्याय एकच, मोठा पेन ड्राइव्ह. खालच्या बारीक ओळीतही तोच. तरी तीनदा वाचलं. निळी पट्टी संपली, बोलायचा प्रोग्रॅम घातला, वाक्यं घातली, बोलण्याचा वेग बाबांना हवा तसा केला. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. आतल्या डिस्कची वायर काढलेली, आणि तरी आलं. नाकातला कारकून परत बोलायला लागला आणि मला रडूच फुटलं. बाबा लिहीत होते तेव्हाच मी त्यांच्या गळ्यात पडले, त्यामुळे काय लिहीत होते ते राहिलंच.

वायर पुन्हा जोडली. घरचा कॉम्प्युटर स्वतःच्या पायावर सुरू होत नाही अजून, तो केंद्रात परत जाईल तेव्हा मास्तर बघतील. पेन ड्राइव्ह लावला की चालतो.

२२ सप्टेंबर, रविवार

दादाकडे गेले. काही न बोलता लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला आणि बटण दाबून धरलं. पहिल्या फटक्यात आलं! दादाने टाळी वाजवली. वहिनीने आधी पेन ड्राइव्ह काढून तिचं तिचं सगळं जागेवर आहे ना ते बघितलं. होतं.

मग म्हणाली, "हे रोज कोण चालू करणार? मला दाखवा. मी लिहून घेते." दाखवलं. अगदी बटण कुठलं, किती वेळ दाबायचं, सगळं विचारून घेतलं तिने. सकाळच्या शिकवण्या मोबाइलवर घेईन, तोवर लॅपटॉप बाबांचा, असंही म्हणाली. बघू किती दिवस टिकतंय ते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

तसाच दुसरा पेन ड्राइव्ह करून ठेवला. एक हरवला तर? आता मला हे झोपेतही येईल. मालक म्हणतो, दुकानाचाही कॉम्प्युटर बघा ना जरा. भाव वधारलाय.

२९ सप्टेंबर, रविवार

बाबा गेले दादाकडे. लिफ्टची शेवटची फेरी आमचीच. खाली पोचल्यावर बाबांनी दाराच्या कडेवर हात ठेवला, दादाने खुर्ची ढकलेपर्यंत काढलाच नाही. मी म्हटलं, बाबांना वाईट वाटतंय. दादा म्हणाला, "कशावरून? कदाचित दार नीट लागत नसेल."

पेन ड्राइव्ह दोरीत ओवून बाबांच्या गळ्यात घातलाय. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न. घर खायला उठलंय.

६ ऑक्टोबर, रविवार

भेटून आले. रंग चांगला आहे बाबांचा. पेन ड्राइव्ह उत्तम चाललाय.

पण वहिनी! बाबा लिहीत असले की समोर नुसती बसून राहते. हूं नाही की चूं नाही. हातात भाजी निवडायला घेते आणि बसते. तोंड उघडायला काय पैसे पडतात का? मी असते तर एव्हाना तीन गोष्टी आणून दिल्या असत्या. बाबांनी "म" लिहिलं, मी म्हटलं मफलर हवाय, गार वारा येतोय, खिडकी लाव. तर ही म्हणते, "थांबा हो, लिहितायत ते." मलाच सांगते! बाबांच्या पोटात काय आहे ते मला तिच्याहून जास्त कळतं.

मफलर नको होता. "माझी जुनी पकड कुठे आहे" असं होतं ते. दादाच्या दाराची कडी ढिली झालीय, तीन दिवस बघतायत म्हणे. बरं, असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

पकड नेऊन दिली. कडी दादाने बसवली, बाबांनी सांगितली तशी. मशीनमधून बाबा अगदी मुकादमासारखे हुकूम सोडत होते, आणि दादा "हो साहेब, हो साहेब" करत होता. हसून हसून पुरेवाट. मला मात्र बाबा काही फारसं बोलले नाहीत. दमले असतील.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या लिफ्टचा डबा आला. आज बाबांची खोली घासूनपुसून काढली. पलंग खिडकीकडे सरकवला, पडदे धुतले, कॉम्प्युटरचं टेबल चाकाची खुर्ची नीट आत जाईल इतकं उंच करून घेतलं सुताराकडून. आल्या आल्या पेन ड्राइव्ह लावला की झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

लिफ्ट सुरू झाली. दोनदा खालीवर करून पाहिली. लगेच दादाला फोन, बाबांना दे, उद्याच न्यायला येते. "थांब, लिहितायत," दादा म्हणाला. मी म्हटलं, कळलं, सामान आवरायचंय ना? "अगं थांब," दादा म्हणाला. खूप वेळ गेला. मग तो नाकातला आवाज आला: "मी इथेच राहतो. इथे माझं वाक्य पुरं होतं."

मी काहीतरी बोलायला गेले.

"अजून लिहितायत," दादा म्हणाला.

थांबले.